कुमारीचे कंकण आणि अर्धी राहिलेली पोथी

गोदावरीच्या दक्षिणेस, गेवराई तालुक्यात, त्वरितादेवीचे ठाणे म्हणून पंचक्रोशीत ज्याची ख्याती आहे त्या तलवाड्याच्या मुलखात चातुर्मास लागला की देवळात पोथी लागते. एक जण ओवी वाचतो, दुसरा तिचा अर्थ सांगतो, आणि दिवसभर कापसात खुरपणी करून आलेली माणसे खांबाला पाठ टेकून ऐकत बसतात. श्रीधरस्वामींचा ‘पांडवप्रताप’ लागला असेल तर त्याचे 64 अध्याय रोज एक या हिशेबाने दोन महिन्यांवर पुरतात. मध्ये एखाद्या रात्री ज्याला येणे झाले नाही, तो दुसऱ्या दिवशी पाणंदीत भेटेल त्याला विचारतो, “पोथी कुठवर आली?” आणि ज्याला विचारले तो, मग तो सालगडी असो की पाटील, हातातला कासरा आवरून, अभिमन्यू कोठपर्यंत पोहोचला ते तिथेच उभ्याउभ्या सांगतो. सरकारी दप्तर उर्दूत चालत असलेल्या मोगलाईच्या, म्हणजे निजामाच्या राजवटीच्या, काळात या प्रदेशातले मराठी ग्रंथ निरक्षरांच्याही मुखी राहिले, त्याचे पुष्कळसे श्रेय मी या एका प्रश्नाला देतो. आजही दसरा-दिवाळी उलटली की मुकादमाची उचल घेतलेले कोयते, म्हणजे नवराबायकोच्या जोड्या, ऊसतोडीला गाव सोडून जातात, आणि पोथी अर्धी राहिली असेल तर तिचा शेवट त्यांना दुसऱ्याच्या तोंडूनच कळायचा असतो.

आपण सध्या काय वाचीत आहोत हे सहवाचकाला सांगणे ही निव्वळ लोकरीत आहे की ते वाचनरूपी साधनेचेच एक अंग आहे, हा प्रश्न मला दिसतो तितका सोपा वाटत नाही. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत सत्य, तप, दम, शम, अतिथिसेवा अशा एकेका कर्तव्याबरोबर स्वाध्याय आणि प्रवचन यांची जोडी पुनःपुन्हा येते, आणि अखेरीस नाक मौद्गल्य नावाच्या ऋषीचे मत नोंदविले आहे की ही जोडी हेच तप होय. शिकणे आणि सांगणे यांत ज्याने अंतर ठेवले नाही असा हा ऋषी माझ्या पक्षाचा आहे. पण त्याच्याविरुद्ध जो साक्षीदार उभा राहतो तोही सामान्य नाही.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदूला आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांत एक कुमारी आहे. तिला पाहायला पाहुणे आले, घरची माणसे बाहेर गेलेली. त्यांच्या जेवणासाठी ती आतल्या बाजूला साळी कांडू लागली, तेव्हा हातांतली कांकणे वाजू लागली. घरचे दारिद्र्य बाहेर कळू नये म्हणून तिने ती एकेक करून उतरविली. दोन-दोन राहिली तरी आवाज होतच राहिला, तेव्हा प्रत्येक हातात एकच ठेवले आणि मग सारे शांत झाले. पुष्कळ जण एकत्र आले की कलह, दोघे आले तरी बोलणे, म्हणून साधकाने एकट्याने राहावे, असा बोध अवधूताने त्यातून घेतला. सहवाचकांना एकमेकांपासून दूर राहा असे सांगणारा याहून स्पष्ट दाखला आपल्या परंपरेत क्वचितच सापडेल.

मी ही कथा वाचताना साळीपाशी अडतो. कुमारी कांडत होती ते स्वतःसाठी नव्हे, ओसरीवर बसलेल्या पाहुण्यांसाठी. कांडण्यापुरते मौन तिला हवे होते. कांडून झालेले तांदूळ मात्र पाहुण्यांच्या ताटात जायचे होते, आणि ते तिने आतच ठेवून घेतले असते तर तिच्या मौनाला अतिथिधर्माच्या दृष्टीने काही अर्थच उरला नसता. वाचणाऱ्यालाही असेच एकांताचे काही प्रहर लागतात, त्यांत कोणी बोलू नये, आणि ज्याला त्या प्रहरांत गप्प बसता येत नाही त्याच्या सांगण्यात कोंडाच अधिक येतो, हे मी पूर्णपणे मान्य करतो. परंतु त्या एकांताचे फळ वाचणाऱ्याच्या मालकीचे आहे, हे मला मान्य नाही.

राहिला अधिकाराचा मुद्दा. ज्याचे वाचन अजून पुरे झाले नाही त्याने बोलावेच का? गोदावरीच्या उत्तरेस जांब येथे 1608 साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’त पढतमूर्खाची लक्षणे दिली आहेत, त्यांत संपूर्ण ग्रंथ न पाहता त्याला दूषण देणाऱ्याची गणना केली आहे. हे लक्षण मी निमूटपणे शिरसावंद्य मानतो. मात्र समर्थांचा ठपका निवाडा देण्यावर आहे, मुक्काम सांगण्यावर नाही. “मी इथवर आलो आणि इथे अडलो” असे म्हणणारा माणूस ग्रंथावर फैसला देत नसतो. उलट ग्रंथ संपवून बोलणाऱ्याच्या वाणीत ‘मला समजले’ हा अहंकार सहज शिरतो, तर मध्यावर असलेल्याला तो परवडत नाही, कारण पुढचे पान त्याला उद्या खोटे पाडू शकते. ज्यूंच्या पाठशाळांत तालमूद दोघांनी समोरासमोर बसून, एकमेकांना हरकती घेत अभ्यासण्याची रीत आहे, तिच्या मुळाशी मला हाच विवेक दिसतो.

अर्ध्या ग्रंथाविषयी बोलण्याचे आपल्याकडचे सर्वांत थोर उदाहरण पैठणचे आहे. एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील टीकेचे आरंभीचे पाच अध्याय पैठणात लिहिले. परंपरा सांगते की त्यांची प्रत एक जण काशीस घेऊन गेला आणि घाटावर वाचीत बसला, ते एका संन्याशाच्या शिष्याच्या कानी पडले, प्राकृतात भागवत आणल्याबद्दल पंडितांचा क्षोभ झाला आणि नाथांना जाबासाठी काशीस बोलावणे आले. त्या वाचकाने ग्रंथ पुरा होईपर्यंत कळ काढली असती तर क्षोभही झाला नसता आणि बोलावणेही आले नसते. पुढचे 26 अध्याय नाथांनी काशीतच लिहिले आणि 1573 साली ग्रंथ तिथेच सिद्धीस नेला. कुमारीच्या कांकणांची कथा नवव्या अध्यायात आहे. म्हणजे एकटे राहा असा बोध सांगणाऱ्या या ओव्या, या परंपरेनुसार, भर वादाच्या दिवसांत, ऐकणाऱ्यांच्या आणि हरकत घेणाऱ्यांच्या गराड्यात उतरल्या आहेत.

सध्या माझे वाचन याच नवव्या अध्यायात आहे. कुमारीनंतर बाण करणारा कारागीर येतो. तो आपल्या कामात इतका गढलेला असतो की राजाची स्वारी वाद्यांसह शेजारून गेली तरी त्याला तिचा पत्ता लागत नाही. साळीवरून मी जो अर्थ काढला तो या कारागिरापुढे टिकतो की नाही, याचा निर्णय माझ्याच्याने अजून होत नाही, कारण तो बाण कोणासाठी करीत होता हे कथा सांगत नाही. हा अध्याय ज्यांच्या वाचनात आहे किंवा येऊन गेला आहे त्यांनी या जागी ते काय समजले ते मला सांगावे, आणि माझे चुकत असेल तर तसेही सांगावे.