न मिळालेल्याचे ऋण

लिनक्स प्रणालीत निद्रिस्त उपकरणास जागे करण्याचा अर्ज ते चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, करतो, तेव्हा त्या उपकरणाच्या वापराच्या खात्यात एक आकडा चढतो, आणि तो शून्यावर उतरल्याखेरीज उपकरणास पुन्हा विश्रांती नाही. परंतु जुन्या रीतीत जागृतीच फसली, तरी चढलेला आकडा कायम राहतो, आणि न मिळालेल्या वस्तूची परतफेडही ड्रायव्हरवर बंधनकारक ठरते. हा जुलूम म्हणावा काय? फळाच्या इच्छेने आरंभिलेले काम्यकर्म, ती इच्छा मावळली तरी, तडीस न्यावे असा वैदिक कर्मांचा विचार करणाऱ्या मीमांसकांचा दंडक आहे, आणि मला तो येथेही रास्त वाटतो. कारण ऋणाचा उगम लाभाच्या अगोदर, प्रवृत्तीतच होतो. फसलेल्या अर्जाचा आकडा आपोआप उतरवणारी रीत 2020 साली आली. सोयीची खरी, पण अनेक ड्रायव्हर ही फेड विसरत, म्हणूनच ती रीत आणावी लागली.