तेल आणि द्राक्षारस



आजच्या शुभवर्तमानात (लूक १०:२५-३७) आपण दयाळू शोमरोन्याची गोष्ट ऐकली. ती ऐकताना मी नेहमी थोडा अस्वस्थ होतो. जखमी माणसाला ओलांडून जो पहिला पुढे निघून गेला तो याजक होता, म्हणजे माझ्याच पेशाचा. पण आज मला त्याच्याविषयी बोलायचे नाही. आज मला शोमरोन्याच्या पिशवीविषयी बोलायचे आहे.

त्या पिशवीत तेल होते आणि द्राक्षारस होता. त्याने दोन्ही जखमांवर ओतले आणि पट्ट्या बांधल्या. द्राक्षारसाने जखम धुतली जाते, तेलाने दाह शमतो, हे त्या काळातले औषधोपचाराचे ज्ञान त्याला होते. त्याला नुसता कळवळा आला असता आणि पट्टी कशी बांधायची हे ठाऊक नसते, तर त्याने फार तर त्या माणसाशेजारी बसून अश्रू ढाळले असते. ही गोष्ट चार शुभवर्तमानकारांपैकी फक्त लूकने सांगितली आहे. संत पौल त्याला वैद्य म्हणतो (कलस्सै ४:१४). तेलाची आणि द्राक्षारसाची नोंद वैद्याच्या लेखणीतून उतरली असावी, असे मला आपले वाटते.

हे आज मनात येण्याचे कारण म्हणजे जून-जुलै हा आपल्या घराघरांत ‘पुढे काय?’चा मोसम असतो. नीटचे निकाल लागलेले असतात. ७२० पैकी किती, हा आकडा मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर विचारला जातो. ज्यांचा आकडा एमबीबीएसपर्यंत पोहोचत नाही ते बीडीएस, फिजिओथेरपी, फार्मसी, बी.एस्सी. नर्सिंग असे एकेक पायरी उतरत जातात. ‘उतरत’ हा शब्द माझा नाही, पालकांचा आहे.

गेल्या वर्षी अशीच एक मुलगी माझ्याकडे आली. नर्सिंगचे दुसरे वर्ष. (ती कोण, हे कृपया शोधत बसू नका. तिची परवानगी घेऊन लिहीत आहे आणि ओळख पटेल असे काही लिहिलेले नाही.) म्हणाली, “फादर, मला कॉलेज सोडायचंय. पुस्तक उघडलं की डोळे मिटतात. मम्मी म्हणते जर्मनीला जायला मिळेल, अंकल म्हणतात आयर्लंडला जा. मी कुणासाठी शिकतेय तेच कळत नाही.”

मी तिला सेवेवर छानसे प्रवचन दिले. मदर तेरेसांचे नावही घेतले. तिने सगळे ऐकून घेतले, “थँक यू फादर” म्हटले आणि ती गेली. ती गेटबाहेर पडेपर्यंत मला कळून चुकले होते की मी तिच्या प्रश्नाला हातसुद्धा लावला नव्हता.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला संत बर्नार्ड वाचायला होते. बाराव्या शतकातल्या या मठाधिपतीने, ‘गीतरत्ना’वरच्या आपल्या एका प्रवचनात, माणसे का शिकतात याची फोड केली आहे. कुणी केवळ जाणून घ्यायचे म्हणून शिकतो, ते कुतूहल. कुणी आपले नाव व्हावे म्हणून शिकतो, तो पोकळ डौल. कुणी ज्ञान विकून पैसा किंवा मान मिळवण्यासाठी शिकतो, त्याला बर्नार्ड लाजिरवाणा व्यापार म्हणतो. कुणी स्वतःला घडवण्यासाठी शिकतो, ते शहाणपण. आणि कुणी दुसऱ्याला घडवण्यासाठी शिकतो, ती प्रीती.

वर्गात हे सर्व मला फार पटले होते. आता मात्र तिसऱ्या मुद्द्यावर संताशी थोडे भांडावेसे वाटते. बर्नार्ड सरदार घराण्यातला होता. त्याला एज्युकेशन लोनचा हप्ता भरावा लागला नाही. आपल्या धर्मग्रामात कितीतरी घरांचे छप्पर आखाती देशांतल्या नर्सच्या पगारावर उभे राहिले आहे, भावंडांची शिक्षणे झाली आहेत. त्याला मी लाजिरवाणे म्हणणार नाही. आजच्याच गोष्टीत शोमरोन्याने उतारशाळेच्या रक्षकाला दोन दीनार दिले आणि आणखी खर्च झाला तर परत येताना फेडीन, असे सांगितले. त्या रक्षकाने पैसे घेऊन शुश्रूषा केली, आणि प्रभूने त्याला एका शब्दानेही दोष दिला नाही.

तेव्हा पैशासाठी शिकण्यात पाप नाही. अडचण वेगळी आहे: पैसा रात्री दोन वाजता पुस्तक उघडायला लावेल, पण पुस्तकातले समजून घ्यायला लावेलच असे नाही. एडवर्ड डेसी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली. काहींना त्याचे पैसे दिले, काहींना नाही. पुढे पैसे थांबले, तेव्हा पैसे घेतलेल्यांचा मोकळ्या वेळेत कोड्यांकडे वळण्याचा ओढा कमी झालेला दिसला. “पास हो, बाईक घेऊन देतो” म्हणणाऱ्या वडिलांनी यावर थोडा विचार करावा.

ती मुलगी चार महिन्यांनी पुन्हा आली. कॉलेज सोडले नव्हते. तिने सांगितलेली हकिकत अशी.

वॉर्डमध्ये पोस्टिंग होती. हृदयविकाराच्या एका आजोबांना डिगॉक्सिनची गोळी द्यायची होती. गोळीआधी नाडी मोजायची आणि ती ६०च्या खाली असेल तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचे, हे वाक्य तिने परीक्षेसाठी पाठ केले होते. तिने पूर्ण मिनिटभर नाडी मोजली. ५२. पुन्हा मोजली. ५२च. इनचार्ज सिस्टरांना सांगितले, गोळी थांबली. आजोबा रागावले, “पोरी, माझी गोळी का देत नाहीस? रोज देतात की!” आणि तिला उत्तर देता येईना. वाक्य येत होते, कारण येत नव्हते.

“फादर, त्या रात्री मी पहिल्यांदा कुणी न सांगता पुस्तक उघडलं.” हे औषध हृदयाचे आकुंचन जोरकस करते, पण ठोक्यांचा वेगही कमी करते, ते बाहेर टाकायचे काम मूत्रपिंडे करतात, म्हातारपणी ती मंदावली की औषध रक्तात साचत जाते. हे सारे तिने मला माझ्या टेबलावर बोटाने रेघा ओढून समजावले. सकाळी आजोबांना तिने ते सोप्या भाषेत सांगितले. आजोबा म्हणाले, “असं होय!”

माझ्या सगळ्या प्रवचनापेक्षा त्या “असं होय”ने जास्त काम केले. संत थॉमस अक्वायनस अभ्यासूपणाला सद्गुण मानतो आणि त्याची गणना संयमात करतो, कारण जाणण्याच्या भुकेलाही वळण लावावे लागते. तिच्या भुकेला वळण लागले ते एका खाटेवर. वैद्यकीय शिक्षण आखणाऱ्यांनाही हे उमगलेले दिसते. २०१९च्या नव्या अभ्यासक्रमात एमबीबीएसच्या पहिल्याच वर्षापासून विद्यार्थ्यांना रुग्णांजवळ नेण्याची तरतूद केली गेली. कल्याणच्या आनंदीबाई जोशींना मात्र कुणी न्यावे लागले नाही. चौदाव्या वर्षी त्यांचे तान्हे बाळ दहा दिवसांत गेले. १८८६ साली त्या अमेरिकेतून डॉक्टर झाल्या, आणि त्यांच्या प्रबंधाचा विषय प्रसूतिशास्त्राचाच होता.

हे सगळ्यांच्याच बाबतीत लगेच घडते असे नाही. काही मुलांना खरोखरच हा मार्ग मानवत नाही. त्यांना दुसरी वाट धरू द्यावी. आईवडिलांचे अपुरे स्वप्न पुरे करण्यासाठी कुणाचा तरी वॉर्ड ओलीस ठेवू नये. रुग्णालाही त्याची किंमत मोजावी लागते.

उद्या १४ जुलै, संत कामिल्लसचा स्मृतिदिन. तरुणपणी तो सैनिक आणि अट्टल जुगारी होता. पायाची जखम भरत नव्हती म्हणून रोमच्या इस्पितळात आला आणि जुगारापायी तिथूनही हाकलला गेला. पुढे पालट झाल्यावर त्याच इस्पितळात त्याने रुग्णांची सेवा केली. धर्मगुरू होण्यासाठी तिशी ओलांडल्यावर तो लहान मुलांच्या बाकावर बसून लॅटिन शिकला. धिप्पाड देहाचा तो माणूस त्या बाकावर कसा मावला असेल, याचे मला हसू येते.

उद्या संध्याकाळच्या मिस्सात वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी आणि लॅब टेक्निशियनचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या सर्व मुलामुलींना आशीर्वाद देण्यात येईल. येताना प्रत्येकाने सर्वांत नावडत्या विषयाचे पुस्तक आणावे. पालकांनीही यावे, फक्त त्या दिवशी मार्क विचारू नयेत. ती मुलगी मात्र येणार नाही. तिची नाईट ड्युटी आहे.

आपला,
फादर