ढिगाच्या आतला ओलावा

"मुलाला गेमिंगचा फोन घेऊन देणे जाइज आहे काय?" हा प्रश्न इशाच्या नमाजीनंतर मशिदीच्या ओट्यावर वारंवार विचारला जातो. विचारणारे बहुधा वडील असतात, कधी मामा किंवा चाचा. आणि त्यांना उत्तर एका शब्दात हवे असते. फिकहचे उत्तर तसे एका शब्दात देता येते. वस्तू मुळात वैध असते, निषेध सिद्ध करावा लागतो. सुरी भाजी चिरते म्हणून वैध आणि जखम करते म्हणून अवैध, असे आपण म्हणत नाही. पण एवढे उत्तर घेऊन माणूस घरी गेला तर तो प्रश्नाच्या दारातूनच परतला असे होईल. म्हणून आज त्या फोनलाच थोडे जवळून पाहू या.

दहा ते पंधरा हजार रुपयांना मिळणाऱ्या या फोनांच्या खोक्यावर मोठमोठे आकडे असतात. '१२० हर्ट्झ' म्हणजे पडदा एका सेकंदात १२० वेळा चित्र बदलू शकतो. शकतो, एवढेच. आतला प्रोसेसर जर सेकंदाला चाळीसच चित्रे तयार करीत असेल, तर उरलेल्या वेळी पडदा तेच चित्र पुन्हा दाखवितो. '८ अधिक ८ जीबी रॅम' असे लिहिलेले असते, तेथे दुसरे आठ हे खरे रॅम नसते. फाइली साठविण्याच्या जागेतून काढलेला तो तुकडा असतो आणि त्याची गती पुष्कळ मंद असते. आता असा फोन मे महिन्यात, दुपारी, पत्र्याच्या छपराखाली वापरून पाहा. त्यात पंखा नसतो. आतली उष्णता पाठीमागच्या भागातूनच बाहेर पडते आणि आपण त्यावर जाड कव्हर चढविलेले असते. वीस-पंचवीस मिनिटांत प्रोसेसर स्वतःची गती आपण होऊन उतरवितो. मुलगा म्हणतो, "फोन अटकतोय." चार्जिंगला लावून खेळला तर उष्णता आणखी वाढते आणि बॅटरीचे आयुष्य घटते. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांत, जेथे रेंजची एक काडी दिसते आणि जाते, तेथे तोच फोन दूरच्या टॉवरला गाठण्यासाठी अधिक शक्ती खर्च करतो. शहरातल्या दुकानात दिवसभर पुरणारी बॅटरी तेथे असरपर्यंत संपते.

यात फोनचा दोष कोणता? मला विचाराल तर, गती उतरविण्यात कोणताच दोष नाही. अल्लाह कोणत्याही जिवावर त्याच्या कुवतीपलीकडे भार टाकीत नाही, हे सूरह बकरहच्या अखेरीस आपण वाचतो. यंत्रालाही त्याची कुवत असते. तापल्यावर मंद होणे हे त्याने स्वतःला जळण्यापासून वाचविणे आहे. स्वस्त असणे हा गुन्हा नव्हे, आणि मर्यादित असणे तर मुळीच नव्हे. दोष दुसरीकडे शिरतो.

फोनची शक्ती मोजण्यासाठी काही चाचणीची अ‍ॅप असतात. त्यांनी दिलेले गुण पाहून लोक फोन घेतात. २०१८ मध्ये 'थ्रीडीमार्क' या चाचणीच्या चालकांनी हुआवे कंपनीचे काही फोन आपल्या यादीतून काढून टाकले; कारण चाचणीचे अ‍ॅप ओळखून ते फोन तेवढ्यापुरती आपली मर्यादा सैल करीत होते, एरवी नाही. मार्च २०२२ मध्ये 'गीकबेंच'ने सॅमसंगच्या गॅलेक्सी एस-२२ सह काही मालिका अशाच वगळल्या. तेथे खेळांची व इतर अ‍ॅपांची गती आवरणारी एक व्यवस्था होती आणि तिने चाचणीच्या अ‍ॅपला मात्र सूट दिली होती. कंपनीचे म्हणणे होते की ही व्यवस्था फोन तापू नये म्हणून आहे, आणि पुढे तिने ग्राहकाला निवडीची मुभा देणारी सुधारणाही दिली. हे फोन महागडे होते, ही गोष्ट ध्यानात असू द्या. फसवणूक गरिबाच्या वस्तूतच असते असे मानण्याची आपल्याला सवय आहे.

पण मला यातील विचार करण्याजोगी गोष्ट निराळीच वाटते. ते यंत्र 'आता मला कोणी पाहत आहे' हे ओळखत होते. पाहणारा असताना एक वर्तन, पाहणारा नसताना दुसरे. यंत्राला नियत नसते. ती त्याला शिकविणाऱ्याची होती. आपल्या परंपरेत या वर्तनाला रिया म्हणतात आणि त्याच्या अगदी उलट टोकाला एहसान आहे. हजरत जिब्रील (अलै.) यांनी एहसानविषयी विचारले तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा की, इबादत अशी करावी जणू आपण अल्लाहला पाहत आहोत, आणि तसे साधले नाही तरी तो आपल्याला पाहत आहेच. म्हणजे चाचणी कधी संपतच नाही. ज्याला हे उमगले त्याला 'चाचणीच्या वेळचे' वेगळे रूप ठेवण्याची गरजच उरत नाही.

आता महाडकडे या. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारी यांचे पाणी बाजारपेठेत शिरले, ते आपल्यापैकी अनेकांनी माळ्यावरून पाहिले आहे. त्याच दिवशी तळीयेवर दरड कोसळली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही माणसे गाडली गेली. त्या दुःखापुढे फोनची गोष्ट क्षुल्लक आहे, हे मान्य. तरीही पुराच्या गावात भिजलेल्या वस्तूंचा प्रश्न क्षुल्लक राहत नाही, कारण पूर ओसरला की भिजलेली वस्तू वाळते आणि बाजारात येते. पाण्यात गेलेला फोन तांदळाच्या डब्यात ठेवून, उन्हात ठेवून, पुन्हा सुरू होतो. वरून तो नवा दिसतो. आत मात्र जोडांवर गंज हळूहळू चढत असतो आणि चार-सहा महिन्यांनी तो कधीतरी गप्प होतो. पुष्कळ फोनांत सिमकार्डाच्या खाचेजवळ एक बारीक पांढरी पट्टी असते. पाणी लागले की ती लाल होते. घेणाऱ्याने ती पाहावी. पण विकणाऱ्याचे काय?

हदीसमधील तो प्रसंग आपल्या परिचयाचा आहे; महाडच्या माणसाने तो पुन्हा एकदा सावकाश आठवावा. मदीनेच्या बाजारात प्रेषितांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला आणि बोटांना ओल लागली. विचारले तेव्हा व्यापारी म्हणाला की पावसाने भिजले. लक्षात घ्या, पावसाबद्दल त्याला बोल लावला गेला नाही. पाऊस कोणाच्या हातात असतो? त्याला एवढेच विचारले गेले की, ओले धान्य वर का ठेवले नाहीस, म्हणजे लोकांना दिसले असते. आणि मग, जो फसवितो तो आमच्यापैकी नाही, या अर्थाचे कठोर शब्द आले. ओल हा नशिबाचा भाग होता. तिला खाली दडविणे हा निर्णय होता. भिजलेला फोन विकता येतो. 'हा पुरात होता' असे सांगून, कमी किमतीला, विकता येतो. तापणारा, दोन तासांत बॅटरी संपणारा, खेळून खेळून थकलेला फोनही विकता येतो. दोष दडवून विकला आणि तो दोष विक्रीपूर्वीचाच होता हे सिद्ध झाले, तर वस्तू परत करण्याचा हक्क घेणाऱ्याला शाफई आणि हनफी दोन्ही मजहबांत आहे. "पाहून घेतलास ना?" हे उत्तर त्या हक्कापुढे टिकत नाही.

आता खेळाकडे. काही मंडळी खेळाचे नाव काढताच कपाळाला आठ्या घालतात. हजरत आयेशा (रजि.) यांनी हबशी लोकांचे भाल्यांचे खेळ मशिदीत पाहिले आणि प्रेषितांनी (स.) त्यांना ते पाहू दिले, त्यांच्याशी धावण्याची शर्यतही लावली. तेव्हा ज्या मुलाच्या खेळाला आपण नावे ठेवतो, त्याचा खेळ आधी समजून तरी घ्यावा. बीजीएमआयसारख्या खेळात चार जणांचा चमू असतो, एक डाव अर्धा तासही चालतो आणि तो मध्येच थांबवून ठेवता येत नाही. आई "आत्ताच्या आत्ता ठेव" म्हणते तेव्हा मुलाच्या दृष्टीने ती त्याला तीन सोबत्यांना उघड्यावर सोडून पळायला सांगत असते. त्याच्या चिडण्यात हट्ट असतो, तशी थोडी निष्ठाही असते. ही निष्ठा वाया घालवू नये. त्याला हेच सांगावे की, जे मध्येच सोडता येत नाही ते कधी सुरू करावे याचा विचार आधी करायचा असतो. अजानला वीस मिनिटे उरली असताना अर्ध्या तासाचा डाव मांडणारा आपल्या सोबत्यांशीही प्रामाणिक नसतो आणि नमाजीशीही. डाव मांडण्यापूर्वी घड्याळ पाहणे, एवढी एक सवय लागली तरी घरातली निम्मी भांडणे मिटतील.

जेथे खरी सीमा आहे तेथे मात्र मऊ बोलून चालणार नाही. सूरह माइदहमध्ये जुगाराला मद्याच्या पंक्तीला बसविले आहे आणि कारणेही दिली आहेत: त्यातून वैर उपजते आणि माणूस अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजीपासून दुरावतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा केला आणि पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदी घातली. ई-स्पोर्ट्सना वेगळे ठेवले. चांगले झाले. परंतु कायद्याची रेषा जेथे संपते तेथे मोमिनची संपत नाही. या खेळांत पेट्या मिळतात. पैसे भरून पेटी उघडायची, आत काय निघेल ते ठाऊक नाही. दुर्मीळ बंदूक निघेल किंवा मामुली टोपी. ठरल्या किमतीला ठरलेला पोशाख विकत घेणे हा सौदा आहे, फार तर उधळपट्टी म्हणा. पण किंमत नक्की आणि माल अनिश्चित, आणि ओढ त्या अनिश्चिततेचीच, अशा व्यवहाराला मी जुगाराच्या बाहेर काढू शकत नाही. निघालेली वस्तू बाजारात विकता येते की नाही, यावर हा निर्णय अवलंबून नाही.

हप्त्यांविषयी थोडक्यात. 'बिनव्याजी हप्ता' या शब्दावर विसंबू नका. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज ही गोष्ट प्रत्यक्षात अस्तित्वात नसते. व्याज कुठेतरी झाकलेले असते. रोखीची किंमत आणि हप्त्यांची एकूण किंमत शेजारी शेजारी लिहून पाहा, आणि हप्ता चुकल्यास काय आकारतात ते करारात वाचा. बारा हजारांच्या फोनसाठी सूद पदरात घेण्यापेक्षा चार महिने थांबणे बरे.

आपल्या भागात अनेक घरांचा कर्ता पुरुष आखातात असतो. सौदीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. काम, जेवण, इशा आटोपून तो फोन लावतो तेव्हा इकडे अकरा वाजून गेलेले असतात. घरात चांगला फोन एकच, आणि तो मुलाच्या हातात. आता या फोनांत 'गेम मोड' नावाची सोय असते. ती खेळाच्या वेळी येणारे संदेश आणि कॉल अडवू शकते, आणि जाहिरातीत तिची स्तुती केलेली असते. ज्याच्या घामाच्या पैशातून फोन आला त्याचीच हाक अडविण्याची सोय त्या पैशात आलेली आहे, हे त्या बापाला ठाऊकही नसते. त्याला वाटते, रेंज नसेल. मुलाचा यात दुष्ट हेतू नसतो. डाव तुटू नये एवढेच त्याला हवे असते. पण अमानत अशीच मोडते, हेतूशिवाय. फोन घरात येईल त्याच दिवशी, सर्वांसमक्ष, ती सोय उघडून अब्बांचा नंबर अपवादात टाकावा. ज्या फोनात असा अपवाद ठेवता येत नाही, तेथे कॉल अडविण्याची सोय बंदच करावी. आणि पावसाळ्यात, वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसताना, रात्री निम्म्याहून कमी बॅटरीवर कोणीही खेळू नये. पाणी चढू लागले की त्याच फोनवरून बोटीसाठी हाक मारायची असते.

राहता राहिले आपण, मोठी माणसे. सूरह मुतफ्फिफीनमध्ये त्या लोकांचा धिक्कार आहे, जे घेताना माप भरून घेतात आणि देताना कमी देतात. मापात मारणे म्हणजे केवळ तराजू, असे आपण धरून चाललो आहोत. मुलाच्या खेळाचे मिनिट न् मिनिट मोजणारा बाप स्वतः जेवताना, दुकानात, आणि काही वेळा मशिदीत दर्स चालू असतानाही रील पाहत असतो, तेव्हा ते माप कोणते? मुलाचे मनोरंजन व्यसन आणि आपले मनोरंजन 'जरा बातम्या पाहतो', हा हिशेब मुलांना फार लवकर कळतो. प्रत्येक अ‍ॅप दिवसाला किती तास उघडे होते, ते फोनच्या सेटिंगमध्ये लिहिलेले असते. मुलाचा फोन मागवून ते पान उघडणार असाल तर आधी स्वतःच्या फोनवर उघडा, आणि तो आकडा मुलाला वाचून दाखवा.