आधी अभय, मग क्षमा

कीर्तन आटोपले की माता-भगिनी शंका विचारतात. त्यांतली एक अलीकडे वरचेवर येते. “महाराज, शाळेच्या बसमध्ये मोठी मुले आमच्या मुलाला छळतात. डबा ओढतात, चिडवतात, चिमटे काढतात. त्याला सोसायला शिकवावे, की हात उगारायला?”

सोसण्याचा महिमा आम्ही कमी लेखत नाही. अंगावर थुंकणाऱ्यावर नाथमहाराज रागावले नाहीत, पुन्हा पुन्हा गोदास्नानास गेले, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. पण नाथ समर्थ होते, म्हणून ती क्षमा. आठ वर्षांचे पोर गप्प बसते ते भीतीने. त्याला क्षमा कशी म्हणावी? गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची गणना अभयापासून सुरू होते. क्षमा पुष्कळ मागून येते, आणि तिच्या लगत आधी तेज आहे. हा क्रम उगाच नाही. बरे, मारायला शिकवावे, तर उद्या तेच पोर आपल्याहून लहानाचा डबा ओढील.

मग करावे काय? ताटीची कथा आठवा. लोकांच्या बोलांनी दुखावलेले ज्ञानोबा दार लावून बसले, तेव्हा धाकटी मुक्ताई दाराशी उभी राहिली. छळलेले मूलही अशीच ताटी लावते. सकाळी पोट दुखते म्हणते, बस चुकवू पाहते. तेव्हा “तूच काही केले असशील” असे म्हणू नये. जवळ बसावे, सगळे ऐकावे आणि सांगावे, “बाळा, दोष तुझा नाही. आम्हाला सांगणे ही चहाडी नव्हे.”

पुढचे काम मोठ्यांचे. काय घडले, कधी घडले, ते वहीत लिहून मुख्याध्यापकांना भेटावे. महाराष्ट्रात २०११ च्या स्कूल बस नियमांप्रमाणे शाळेत परिवहन समिती आणि बसमध्ये मदतनीस असावा लागतो. तो आहे का, हे हक्काने विचारावे. मुलाला पुढच्या बाकावर सोबत्याजवळ जागा मागून घ्यावी. एवढ्याने भागले नाही, तर मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे.

आणि छळणारे पोर? तेही कुणाचे लेकरूच. आळंदीत या भावंडांना छळणारे विसोबाच पुढे नामदेवरायांचे गुरू झाले, असे परंपरा सांगते. म्हणून त्याला आवरावे, समजवावे, पण कायमचा दुष्ट ठरवू नये. आपले मूल निर्भय झाले, की त्याला क्षमा शिकवावी लागत नाही. ती त्याला आपसूक सुचते. भ्यालेल्या मुलाकडे मात्र ती मागू नये.