विसावा भाग

आपल्या कार्यकर्त्यांच्या तोंडी एक वाक्य कायम असतं. 'एकदा रिटायर झालो की बसून लिहिणार.' बँकेतला म्हणतो, एस.टी.तला म्हणतो, झेडपीचा मास्तर म्हणतो. याच्या बरोबर उलटं बोलणारेही आहेत. ते म्हणतात, 'पासबुकं कसली भरता? उद्याची चिंता पांढरपेशानं करावी. चळवळीचा माणूस फाटक्या खिशानंच जगतो आणि फाटक्या खिशानंच मरतो.'

मला ही दोन्ही वाक्यं मान्य नाहीत. दोन्हींच्या पोटात एकच प्रश्न आहे आणि तो आपण कधी नीट मांडत नाही. तुटपुंज्या पगाराच्या माणसानं म्हातारपणासाठी पैसा आणि लिहिण्यासाठी वेळ बाजूला काढणं, हे समाजाशी इमान आहे की बेइमानी? वरवर हा जमाखर्चाचा प्रश्न वाटेल. मी त्याला नीतीचा प्रश्न मानतो, कारण माझा वेळ कुणाच्या मालकीचा, हे ठरवल्याशिवाय त्याचं उत्तर मिळत नाही.

आधी हे बघू की निवृत्ती ही चीज आपल्या वाट्याला आली कुठून. गावगाड्यात ती नव्हती. महारकीला सुट्टी नव्हती आणि शेवटही नव्हता. बाप थकला की काठी पोराच्या हातात. मेलेलं ढोर ओढायचं, मयताचा सांगावा घेऊन उन्हातान्हात परगावी पळायचं, सरकारी माणसाच्या घोड्यापुढं धावायचं आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागायची. १८७४ च्या वतन कायद्यानं ही वेठ कागदावर आणखी पक्की केली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्याविरुद्ध बिल मांडलं. वतन कायद्यानं गेलं ते १९५८ च्या कायद्यानं, बाबासाहेब गेल्यानंतर. ज्याचा दिवस जन्मापासून दुसऱ्याच्या मालकीचा, त्याला 'तुझं काम संपलं, आता उरलेला दिवस तुझा' असं कोण सांगणार? धर्मशास्त्रात वानप्रस्थ होता म्हणतात. होता, पण तो ज्यांच्या घरी धान्याची कोठारं भरलेली होती त्यांच्यासाठी. शूद्राला सेवा सांगितली आणि आपण तर त्या हिशेबातही नव्हतो.

'उरलेला दिवस तुझा' हे आपल्या माणसाला पहिल्यांदा सांगितलं ते पलटणीनं. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली लष्करातून पेन्शन घेऊन बाहेर पडले आणि दापोलीला राहिले. १८८८ साली त्यांचं 'विटाळ विध्वंसन' निघालं. अस्पृश्यतेला जाब विचारणाऱ्या आपल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांतलं हे एक. तारखा नीट बघा. नोकरी सुटल्यावर दोनच वर्षांत पुस्तक. हे कसं घडलं? बुद्धी त्यांच्याआधीच्या पिढ्यांतही होती, चीडही होती. पण ज्याची भाकरी गावाच्या हातात, तो गावाला प्रश्न विचारू शकत नाही. विचारला की त्याच रात्री चूल विझते. वलंगकरांची भाकरी गावाच्या हातात नव्हती. पुढं इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा त्याविरुद्ध अर्ज लिहायलाही हाच पेन्शनर उभा राहिला. रामजी सुभेदारही याच दापोलीच्या पेन्शनरांतले. भिवाच्या शिक्षणामागं जो आधार होता, त्यात ती पेन्शन होती.

म्हणून मी म्हणतो, म्हातारपणाची तजवीज ही चैन नाही. ती आपल्या स्वतंत्र बोलण्याची पहिली अट आहे.

आता फाटक्या खिशाचं गौरवगान करणाऱ्यांना विचारतो. अण्णाभाऊ साठ्यांना किती वर्षं मिळाली? तीसहून जास्त कादंबऱ्या, कथा, पोवाडे, लावण्या, वगनाट्यं. 'फकिरा' १९५९ चं. आणि १८ जुलै १९६९ ला, पन्नाशीही न गाठता, हलाखीत माणूस संपला. आपण जयंतीला त्यांची मिरवणूक काढतो आणि भाषणात त्यांची गरिबी दागिन्यासारखी मिरवतो. त्या गरिबीनं आपल्याकडून आणखी किती पुस्तकं हिरावून नेली, हा हिशेब कुणी मांडत नाही. वाड्यातल्या लेखकाला उपाशी मरण्याचा सल्ला कुणी देत नाही. त्याच्या मागं शेत असतं, भाड्याच्या खोल्या असतात, बापाचं घर असतं. उपाशी राहून लिहिण्याचं कौतुक फक्त आपल्यासाठी राखीव! हे आरक्षण मला नको.

धम्माकडं बघा. दीघ निकायात सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला भगवान बुद्धांनी केलेला उपदेश आहे. त्यात मिळकतीचे चार वाटे सांगितलेत. एक वाटा खाण्यापिण्याला, दोन वाटे कामधंद्याला आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायला. राखून ठेवणं तिथं पाप मानलेलं नाही. हाव पाप आहे. या दोन्हींत फरक कसा करायचा? माझी कसोटी साधी आहे. राखलेल्या पैशातून काय विकत घ्यायचं ठरवलंय, ते विचारा. दुसरा फ्लॅट, की मोकळा दिवस? आणि मोकळा दिवस असेल तर तो कुणाच्या कामी येणार?

इथपर्यंत मी बचत करणाऱ्याची बाजू घेतली. आता त्याचीच गचांडी धरतो. १८ मार्च १९५६ ला आग्र्याला बाबासाहेब शिकलेल्या लोकांबद्दल काय बोलले, ते आपल्या पोराटोरांना पाठ आहे. शिकले, नोकरीला लागले आणि पोट भरण्यात गढून गेले, हे त्यांचं दुःख होतं. 'रिटायर झाल्यावर समाजाचं बघू' हे त्या धोक्याचंच सभ्य नाव आहे. खुद्द बाबासाहेबांना निवृत्ती मिळाली का? शरीर मधुमेहानं पोखरलेलं, पाय चालत नव्हते, तरी 'द बुद्धा अँड हिज धम्म'चं काम चाललं होतं. ६ डिसेंबर १९५६ ला ते गेले आणि ग्रंथ १९५७ साली निघाला, त्यांना छापील प्रत बघायला मिळाली नाही. पेट्यांत अर्धवट राहिलेली हस्तलिखितं किती होती, ते सरकारनं १९७९ पासून खंड काढायला घेतल्यावर लोकांना कळलं. अशा माणसाच्या लेकरांनी 'सवडीनं लिहू' म्हणायचं?

आणि आपलं लिहिणं म्हणजे करमणूक नाही, ती साक्ष आहे. साक्षीदार मरतो. ज्या आजीनं लुगडं गुडघ्याखाली नेसायला सुरुवात केली तेव्हा गावात काय घडलं, ते फक्त तिलाच ठाऊक. तुम्ही अठ्ठावन्नाव्या वर्षी वही उघडाल, तेव्हा ती असेल का? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गाठून त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या. 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली आलं. आणखी वीस वर्षं थांबल्या असत्या तर त्यातल्या कितीजणी भेटल्या असत्या?

दोन बायांची उदाहरणं समोर ठेवतो. शांताबाई कांबळे शाळेत मास्तरीण होत्या. १९८१ साली निवृत्त झाल्या आणि मग त्यांनी 'माज्या जल्माची चित्तरकथा' लिहायला घेतली. १९८६ साली पुस्तक आलं. निवृत्तीनंतर लिहून होतं, हे त्यांनी सिद्ध केलं. नंतर त्या शंभरीच्या उंबऱ्यापर्यंत जगल्या, २०२३ साली गेल्या. पण एवढं आयुष्य सगळ्यांच्या वाट्याला येईल अशी हमी आहे का? दुसऱ्या बेबीताई कांबळे, फलटणच्या. किराण्याचं छोटं दुकान. गिऱ्हाईक नसलं की पुड्या बांधायच्या कागदावर लिहायचं आणि घरच्यांच्या नजरेआड लपवून ठेवायचं. अशी वीसेक वर्षं. 'जिणं आमुचं' १९८६ सालीच पुस्तकरूपानं निघालं. एकीला पेन्शन होती. दुसरीला पेन्शन नव्हती, निवृत्तीही नव्हती. दुकानामागं घर होतं आणि घराला सुट्टी नसते.

इथं पुरुष कार्यकर्त्यांनी मान खाली घालून ऐकावं. तुम्ही म्हणता, 'मला लिहायला वेळ हवा.' तो वेळ आकाशातून पडत नाही. तुम्ही टेबलाशी बसता तेव्हा पाणी कोण भरतं? पोराचा अभ्यास कोण घेतं? तुम्ही रिटायर होता, तुमची बायको कधी रिटायर होते? बाप थकला की पोरगं, ही वेठ गेली. नवरा लिहितो म्हणून बायको राबते, ही दुसरी वेठ घरात चालूच आहे. जो वेळ दुसऱ्याच्या वेठीतून येतो, त्यात लिहिलेल्या मुक्तीच्या कवितेचं मोल काय?

आता आजच्या पोराचं बघू. 'रिटायर झाल्यावर' हे वाक्य जुन्या पेन्शनच्या जोरावर उभं होतं. केंद्रात १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीला लागलेल्यांची ती पेन्शन गेली. पगारातून कापलेला पैसा बाजारावर टांगला. मार्च २०२३ मध्ये राज्यातले कर्मचारी 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत संपावर गेले, ते उगाच नाही. आणि ही झाली कायम नोकरीवाल्यांची गोष्ट. सफाईचं काम ठेकेदाराकडं, शिपाई कंत्राटी, मास्तर तासिकेवर. त्यांना निवृत्तीची तारीखच नाही. एक दिवस ठेकेदार म्हणतो, उद्यापासून येऊ नको. अटल पेन्शन योजना २०१५ साली आली. पंचविशीत शिरलेल्यानं महिन्याला ३७६ रुपये भरले तर साठीनंतर महिना ५ हजार मिळतील. भरावेत, नक्की भरावेत. पण पस्तीस वर्षांनी ५ हजारांत किती पोती ज्वारी येईल, याचा अंदाज ज्यानं त्यानं करावा. तेव्हा पेन्शनसाठी लढणं हे आपल्या साहित्याचंही काम आहे. युनियनच्या मोर्चात लेखक दिसत नाहीत, ही लाजेची गोष्ट आहे.

मग करायचं काय? १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकानं आपल्या मिळकतीचा विसावा भाग धम्माच्या कामाला द्यावा असं सांगितलं. आपल्या भाषेत विसावा म्हणजे वीसातला एक आणि विसावा म्हणजे आरामही. मी या दोन्ही अर्थांनी विचार करतो.

महिना २० हजार मिळवणाऱ्याचा विसावा भाग १ हजार. तो समाजाचा, त्याला हात लावायचा नाही. आणखी एक विसावा म्हातारपणासाठी. पोस्टात पीपीएफच्या खात्यात महिना हजार टाकले, तर १५ वर्षांत आपले १ लाख ८० हजार जातात आणि आजच्या ७.१ टक्के व्याजानं ३ लाखांच्या वर परत येतात. यानं कुणी सावकार होत नाही. पण दोन-अडीच वर्षांची भाकरी सुटते आणि तेवढा काळ कुणापुढं मान वाकवावी लागत नाही. तिसरा विसावा दिवसाचा. २४ तासांचा विसावा भाग म्हणजे १ तास १२ मिनिटं. तेवढ्यात अर्धं पान होतं. वर्षाला एकशे ऐंशी पानं. निम्मी फाडली तरी नव्वद उरतात. अन् हा तास बायकोच्या तासातून चोरायचा नाही. तिलाही तिचा तास द्यायचा आणि त्या वेळेला आपण भांडी घासायची.

ज्याच्या घरी महिनाअखेरीला मीठमिरची उसनी येते, त्याला मी हे हिशेब शिकवणार नाही. तो त्याच्यावर अन्याय होईल. त्याच्यासाठी एकट्याची बचत हा उपायच नव्हे. आपल्या बायका वर्षानुवर्षं भिशी चालवतात, त्यांच्याकडून शिकू. दहाजणांनी महिना हजार काढले की १० हजार होतात. ज्याचा नंबर लागेल त्यानं आठ-पंधरा दिवस बिनपगारी रजा घ्यावी आणि लिहावं. जमेल त्यानं पूर्ण भरावेत, न जमेल त्याचा वाटा बाकीच्यांनी उचलावा. पहिला नंबर बायांचा. लिहून झालं की सगळ्यांपुढं वाचावं. व्याज म्हणून एवढंच.

सुरुवातीच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. भाकरी उद्यासाठी राखता येते, राखावीच. साक्ष उद्यासाठी राखता येत नाही. पेन्शनीची वर्षं मिळाली तर त्यांत पुस्तक पुरं करावं, पण त्याचं पहिलं पान आज कामावरून आल्यावर लिहावं. आणि ज्या दिवशी नोकरी सुटेल त्या दिवशी गावाबाहेर बंगला बघू नये, वस्तीत परतावं. तिथं आपला विसावा मागणारी माणसं अजून फार आहेत.

जयभीम.