पायाखालचा ज्वालामुखी

ज्वालामुखीचा मुलूख बघायचा म्हटलं की आपल्याला आइसलंड आठवतं, नाहीतर हवाई. रत्नागिरीहून पावसाळ्यात सहा-सात जणांना घेऊन भल्या सकाळी एखादी गाडी निवळी, उक्षी, मारळ करायला निघते, ती दिवसभर अशाच मुलखातून फिरते. गाडीतल्या मंडळींना मात्र हवा असतो धबधबा.

त्यांचा दोष नाही. इथे ना टोकदार शिखर, ना विवर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा पुन्हा पुन्हा उतू गेला. थरावर थर चढत गेले. मारळला मार्लेश्वराच्या पायऱ्या चढताना दम खायला थांबलात की समोरच्या कड्याकडे बघा. गवताची हिरवी पट्टी, मग काळा उभा कातळ, पुन्हा पट्टी. काळा थर टणक, पट्टीतला ठिसूळ. पाणी ठिसूळ थर पोखरतं, वरचा कातळ अधांतरी होतो आणि कधीतरी सुटून खाली येतो. म्हणून कडा उभाच्या उभा राहतो आणि धारेश्वर धबधब्याला कोसळायला जागा मिळते. फोटो काढून झाल्यावर पाच मिनिटं एवढं बघितलं तरी तिकडे गेल्याचं सार्थक.

उक्षीच्या सड्यावर, म्हणजे सपाट माळावर, उतरलात की पायाखाली जांभा. काळ्या कातळावर लाखो वर्षं पाऊस पडत राहिला, विरघळणारं ते वाहून गेलं, मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरलं. खाणीतून नुकता काढलेला चिरा सहज तासता येतो आणि वारा-ऊन लागलं की कडक होतो. आपल्या घरांच्या भिंती त्याच्याच. याच जांभ्यावर कुणा पूर्वजाने हत्ती कोरून ठेवलाय. गावाने त्याच्याभोवती गडगा घातला. कोकणातली अशी कातळशिल्पं 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली.

श्रावण-भाद्रपदात सड्यावर पाय जपून टाकावा लागतो. जांभ्याच्या खळग्यांत बोटभर माती, तिच्यावर सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं. दिसायला नाजूक, पण मातीत दडलेल्या इवल्या फुग्यांत सूक्ष्म जीव पकडून पोट भरणारी. जांभ्याच्या मातीत कस नाही, दुसरं करणार काय! पन्नास जणांची बस इथे रिकामी केली तर ही आसवं चपलांखाली जातील. सहा जणांना एकामागे एक चालवता येतं, आणि कुणी वाकून बघितलं तर बाकीचे थांबतात. मोठ्या सहलीत थांबणाऱ्याला हाका मारून बोलावतात.

वेळ उरला तर गाडी तुरळ-राजवाडीकडे वळते. गरम पाण्याचं कुंड बघून कुणीतरी हमखास म्हणतं, खाली अजून ज्वालामुखी धुमसतोय. तसं काही नाही. ती आग केव्हाच विझली. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. म्हणजे वाफाळणारं पाणीही पावसाचंच, धारेश्वरावरून पडतं तसंच. फक्त लांबच्या वाटेनं आलेलं. कुंडात गुडघे शेकत बसलेल्या आजोबांना हे सांगितलं तर ते मान डोलावतात आणि आणखी थोडे आत सरकतात.