शाळा बुडवून प्रवास

जयपूरच्या जगतपुऱ्यात राहणारा एखादा मराठी गृहस्थ, सुटीतील गर्दी व वाढलेले भाडे टाळावे म्हणून, शाळा चालू असतानाच सात वर्षांच्या मुलाला कोकणात समुद्र दाखवावयास नेऊ इच्छितो. येथे धर्म कोणता?

आपल्या शास्त्रकारांना अनध्याय मान्यच होता. मनूने चौथ्या अध्यायात त्याचे प्रसंग विस्ताराने सांगितले आहेत. याज्ञवल्क्य तर शिष्ट पुरुष घरी आला तरी पाठ थांबवावयास सांगतो. तेव्हा चार दिवसांनी विद्या बुडते, असे नाही. परंतु अनध्याय ठरे तो शास्त्राने, भाड्याच्या सोयीने नव्हे. इंग्लंडात शाळा चालू असता मुलीला सहलीस नेणाऱ्या पित्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१७ साली निर्णय त्याच्या विरुद्ध लागला.

दंडाची गोष्ट सोडा. ‘मुलास ज्वर आहे’ असा अर्ज पिता लिहितो, आणि शेजारी उभे असलेले, नुकतेच अक्षरे जुळवू लागलेले मूल तो वाचते! गीतेने सतराव्या अध्यायात सत्य भाषणाची गणना वाणीच्या तपात केली आहे. त्या तपाचा पहिला पाठ घरीच असा मोडतो. गुरुजींना खरे कारण सांगावे. त्यांनी नकार दिल्यास दिवाळीच्या सुटीपर्यंत थांबावे, भाडे अधिक पडले तरी.